पायाळूचं पथ्य

मार्तंडरावांची पाठ धरली ती पौषातल्या एका सकाळी. कशानं धरली, हे मात्र ते कोणाला धड सांगेनात.

वनमाला चुलीपुढं दूध तापवत बसली होती. मागच्या दारानं मामंजी आत आले ते भिंतीला हात लावत, जमिनीवर पडलेली सुई शोधत यावं तसे कमरेत वाकून. अंगावरचं सोवळं ओलं होतं.

"काय झालं मामंजी?"

"काही नाही. थंडी आहे जरा," असं पुटपुटत ते सोप्यात गेले. बाजेवर टेकायला लागले तेव्हा त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की सत्यभामाबाई देवघरातून हातातली फुलं तशीच घेऊन धावत आल्या.

"उसण भरली," त्यांनी बघताक्षणी ओळखलं. "काय उचललंत?"

"पुस्तकांची पेटी सरकवत होतो."

"पहाटे उठून? सोवळ्यानं?"

मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले. बायकोच्या प्रश्नांना त्यांच्याकडं तेवढा एकच उपाय होता.

जन्मभर ते नळदुर्गच्या शाळेत मास्तर होते. निजामाच्या अमदानीत त्यांनी गणित उर्दूतून शिकवलं, संस्थान गेल्यावर तेच गणित मराठीतून शिकवलं, आणि आता पेन्शनीत निघाल्यावर दिवसभर बैठ्या मेजापुढं मांडी घालून, नाक पानाला लागेल इतकं वाकून वाचत बसत. मुलगा उस्मानाबादला कचेरीत कारकून होता. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या मोटारीनं परत जायचा. एरवी घरात सासू, सासरे आणि सून, अशी तीनच माणसं. सुनेला पाचवा महिना लागला होता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बसवराज मास्तरांकडून वाचायला पुस्तकं न्यायचे, त्यामुळं निरोप पोचताच आले. गुलबर्ग्याकडचा तरुण माणूस, मराठी शब्द चाचपून बघून मगच तोंडाबाहेर काढायचा. त्यांनी मास्तरांना कुशीवर वळवलं, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत खाली आणली, एकेक पाय सरळ उचलून बघितला आणि शेवटी बाज बघितली. बाजेची सुतळी इतकी सैल झाली होती की मास्तर तिच्यात झोळीतल्या पोरासारखे दिसत होते.

"हाड जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "स्नायू आखडलेत. जन्मभर वाकून बसायचं, झोपायचं ह्या झोळीत, आणि एक दिवस एकदम काहीतरी जड उचलायचं. गावातल्या निम्म्या पाठी अशाच जातात, मास्तर. कोणी पोतं उचलतं, कोणी पाणी ओढतं. गुडघ्यात वाकावं तर सगळे कमरेत वाकतात आणि वर झटका देतात."

"मी पेटी सरकवली," मास्तर घाईनं म्हणाले.

"पेटी तर पेटी. फळीवर झोपा. गरम पाण्याचा शेक घ्या. जरा सैल वाटलं की थोडं थोडं चाला. आणि महिना-दीड महिना काहीही उचलायचं नाही."

"आणि औषध?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"हेच औषध."

डॉक्टरांची पाठ वळली तशा त्या म्हणाल्या, "पडून राहा, एवढं सांगायला सरकार पगार देतंय होय याला? आणि फळीवर कोणाला निजवतात, हे त्याच्या गावाकडं माहीत नाही वाटतं! जित्या माणसाला मी फळीवर घालायची नाही."

बाज तशीच राहिली आणि मास्तरही तिच्यातच राहिले.

सोपा झाडताना वनमालेनं पुस्तकांच्या पेटीकडं बघितलं. पेटीवरची धूळ जशीच्या तशी होती. पेटी सरकलेली नव्हती.

दुपारी भांडी घासायला कोंडाबाई आली आणि मागच्या दाराशी तिनं तांब्याची कळशी टेकवली.

"ही आडावरच राहिली हुती बगा. मास्तर पाणी शेंदता शेंदता मटकन खालीच बसले. म्या म्हणलं, हाक मारू का कुणाला? तर हात जोडाय लागले मला. म्हणले, सूनबाईला सांगू नगंस कोंडाबाई, तिला वाटंल तिच्यापायी झालं." एवढं बोलून झाल्यावर कोंडाबाईनं जीभ चावली. "आता म्या सांगितलं म्हणून सांगू नगा बाई."

वनमाला कळशीकडं बघत उभी राहिली. मामंजींना एकाएकी सोवळ्याचा नाद लागला होता, तो तिला दिवस गेल्याचं घरात कळलं त्याच आठवड्यात. देवाच्या पाण्यापुरतं असलेलं सोवळं त्यांनी प्यायच्या पाण्यावर आणलं, मग स्वयंपाकाच्या पाण्यावर. अंघोळ करून, सोवळं नेसून, सगळे उठायच्या आत ते रांजण भरून टाकत. "बायकांच्या हातचं पाणी मला चालत नाही आता," असं एकदा डोळे वर न करता म्हणालेही होते. वनमालेला ते लागलं होतं. आपलं काय चुकलं, असा विचार तिनं कितीतरी दिवस केला होता. आता कळलं की तो शिवाशिवीचा प्रकार नव्हताच. सुनेचं पाणी सासरा भरतो, हे गावात दिसू नये म्हणून त्या भल्या माणसानं देवाला मधे घातलं होतं.

आपल्यापायी झालं. हा शब्द तिच्या मनातून जाईना. कारण तिच्या पायातच एक गोष्ट होती, जी या घरात कोणाला ठाऊक नव्हती.

वनमाला पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, डोकं नंतर. असं माणूस मिळालं आणि त्यानं नुसता पाय टेकवला तरी पाठीतली उसण उतरते, हे सगळा मुलूख मानतो. पण पायाळूवर वीज येते, असंही हाच मुलूख मानतो. सत्यभामाबाईंचा धाकटा भाऊ सोनारीच्या शिवारात झाडाखाली उभा असताना वीज पडून गेला. शेजारी सालगडी उभा होता, त्याला ओरखडासुद्धा उमटला नाही. तो गडी पायाळू होता. "त्याची वीज माझ्या भावानं घेतली," असं त्या अजून म्हणत, आणि म्हणताना त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा. वनमालेला बघायला आल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाक, शिवण, गाणं काही विचारलं नव्हतं. तिच्या आईला आत नेऊन एवढंच विचारलं होतं, "मुलगी पायाळू नाही ना?" आणि वनमालेची आई नाही म्हणाली होती.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. सासूबाई तिखट होत्या, पण पुरणाची पहिली पोळी सुनेच्या पानात वाढायच्या. हे सगळं एका वाक्यात जाऊ शकतं, हे वनमालेला माहीत होतं. आणि पोटातल्या जिवाकडंही मग त्या कोणत्या डोळ्यांनी बघतील, कोण जाणे.

मामंजींची पाठ मात्र सुटेना. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, लसणाचं तेल झालं, एरंडाची पानं बांधून झाली. झोळीसारख्या बाजेत ते रोज आणखी रुतत होते. कूस बदलताना ओठ दाबून धरायचे आणि वनमाला जवळ असली की मुद्दाम काहीतरी बोलायचे, "आज भाकरी छान झाली होती हो सूनबाई," असं काहीतरी.

शेजारचे अंबादास पुजारी रोज एक उपाय घेऊन यायचे. एका संध्याकाळी त्यांनी इरम्माचं नाव काढलं. इरम्मा वेशीपाशी राहायची, पायाळू होती, आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा तिच्या अंगणात पाठ घेऊन यायचे.

"पण वहिनी, तुम्हाला तर पायाळूचं वावडं," अंबादास हसत म्हणाले.

"घरात नको म्हणते मी. अंगणात येऊन पाय लावून गेली तर माझं काय जातंय?"

"जायला ती आहे कुठं? लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेली. महिनाभर तरी येत नाही." अंबादासांनी तपकीर ओढली. "तरी बघू. सिताबाई सुईणीला विचारतो. गावात पायाळू कोण, ते तिला तोंडपाठ. बाहेरून आलेल्या सुनांचंसुद्धा सांगेल ती. बायका बोलतात तिच्यापाशी."

वनमालेच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. आणि तेवढ्यात बाजेवरून मार्तंडराव मोठ्यानं म्हणाले, "पायाळू-बियाळू काही नको. डाग द्या मला."

सगळे बघतच राहिले. तापल्या लोखंडाचा डाग हा अडाणीपणा आहे, असं या माणसानं पोरांच्या पिढ्यांना ओरडून सांगितलं होतं. कोणाच्या दंडावर ताजा डाग दिसला तर त्याच्या बापाला शाळेत बोलावून घ्यायचे.

"शुद्धीवर आहात ना?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"आहे. उद्याच बोलवा. आणि सिताबाईकडं कोणी जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर बलभीम आला. शेतकरी गडी, अंगानं उंचपुरा, बैलांना आणि माणसांना एकाच सळईनं डाग द्यायचा. त्यानं सळई चुलीत सरकवली आणि वनमालेला म्हणाला, "वैनी, जाळ चांगला ठिवा. लाल झाली पायजे."

मास्तरांना सोप्यात घोंगडीवर पालथं निजवलं. बलभीम उकिडवा बसला.

"मास्तर, वळखलं का? तिसरीत पाढं आलं न्हाईत म्हणून तुमी मला छडीनं झोडपलं हुतं."

"सतराचा पाढा," घोंगडीत तोंड खुपसलेले मास्तर म्हणाले. "आता येतो का?"

"न्हाय. आन आता तुमी पालथे पडल्यावर तर मुळीच येनार न्हाय."

बघायला आलेले अंबादास खो खो हसले. सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याची बंडी वर केली. आत वनमाला चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करत होती. तिला तिथून मामंजींची पाठ दिसत होती, गोरी, हडकुळी, कधी उन्हात न गेलेली. सळईचं टोक आधी काळं होतं, मग तांबूस झालं. हा जाळ मीच करते आहे, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं फुंकणी खाली ठेवली.

ती सोप्याच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"सासूबाई, डाग नका देऊ. मी पायाळू आहे."

"आरं तिच्या! घरातच हाय की," बलभीमच्या तोंडून निघून गेलं.

सत्यभामाबाईंनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"मी पायाळू आहे."

"तुझ्या आईला मी विचारलं होतं. समोरासमोर विचारलं होतं."

"आई खोटं बोलली." वनमालेनं नजर खाली घातली नाही. "मलाही खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला हे घर सोडायचं नव्हतं."

मग घोंगडीतून आवाज आला.

"मला माहीत होतं."

"तुम्हाला?"

"बोलणी झाली तेव्हाच तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हात जोडून सांगितलं. मी म्हटलं, मुलगी चांगली आहे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू मला विचारलं कुठं? विहीणबाईंना विचारलंस."

सत्यभामाबाई त्या उघड्या पाठीकडं बघत राहिल्या. सिताबाईकडं जाऊ नका, हे कालचं बोलणं त्यांना आता उलगडत असावं. त्यांचा चेहरा आधी दगडासारखा झाला. भावाच्या नावानं व्हायचा तसाच. वनमालेनं उंबऱ्याची चौकट घट्ट धरली.

"म्हणजे हिचं नाव निघू नये म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही पाठ भाजून घ्यायला निघालात."

मार्तंडरावांचे डोळे मिटलेलेच असणार.

"बलभीम, ती सळई आधी माझ्या घराबाहेर ने." मग त्या सुनेकडं वळल्या. "उभी काय राहिलीस? ये."

"मामंजींना मी पाय कसा लावू?"

"ज्या पायानं माप ओलांडून आलीस, त्याच पायानं. लक्ष्मी म्हणून मीच आत घेतलं तुला. तेव्हा पाय बघून घेतला नव्हता मी."

वनमालेनं आधी वाकून मामंजींच्या पायांवर हात ठेवून नमस्कार केला. उठताना तिचा तोल जाईल म्हणून सत्यभामाबाईंनी तिचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. मग वनमालेनं उजवं पाऊल हलकेच त्या पाठीवर टेकवलं. तळव्याखाली पाठ ऊन लागली. आणि कण्याच्या डाव्या अंगाला आखडलेला स्नायू सुतळीच्या पिळासारखा कडक लागला. तिनं पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं. पीळ तसाच होता.

"सुटली," मार्तंडराव म्हणाले.

"खरंच?" सत्यभामाबाई खाली बसल्या.

"खरंच. कळ गेली बघ." त्यांचा आवाज खणखणीत होता. पण घोंगडीचा काठ त्यांनी मुठीत किती आवळून धरला होता, ते फक्त वनमालेला दिसलं. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मान थोडी वळवून एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. शाळेत एखाद्या पोराला उत्तर पुटपुटून सांगताना बघत असतील, तसं. ती गप्प राहिली.

"लोखंड वाया गेलं," बलभीम म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

"पण गुण टिकायला पथ्य असतं," मास्तर घोंगडीवरूनच म्हणाले. "पायाळूचा पाय लागला की बाजेवर निजायचं नाही. लाकडावर निजायचं."

"लाकडावर?"

"फळीवर. रोज गरम पाण्याचा शेक घ्यायचा. थोडं थोडं चालायचं. महिना-दीड महिना काही उचलायचं नाही."

सत्यभामाबाईंनी संशयानं बघितलं. हे सगळं कुठंतरी ऐकलेलं वाटत होतं. पण अंबादास गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे वहिनी. पाळलं नाही तर उलटतं ते." त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळच्या आत माळ्यावरचं जुनं दार खाली आलं, त्यावर सतरंजी पडली, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पायाळूच्या नावानं त्या घरात काटेकोर सुरू झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी मास्तर भिंत न धरता अंगणापर्यंत गेले. आठवड्यानं डॉक्टर बसवराज पुस्तक परत द्यायला आले, तेव्हा फळी बघून खूश झाले. "ऐकलंत तर माझं," ते म्हणाले. सत्यभामाबाईंनी त्यांना सांगितलं, "तुमचं नव्हे हो डॉक्टर, हे आमच्या सुनेचं पथ्य आहे." डॉक्टरांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर पुस्तकाची पानं मोजत असल्यासारखे चाळत होते.

पाण्याचाही निकाल सत्यभामाबाईंनीच लावला. "वापरायचं कोंडाबाई आणील, प्यायचं मी आणीन," त्या एका सकाळी नवऱ्याला म्हणाल्या. "आणि ते सोवळं आता पुरे करा. जन्मभर संध्येचा कंटाळा केलेला माणूस एकाएकी सोवळ्यात का शिरला, हे कळायला मला काही शाळेत जायला नको. मी म्हटलं, करायलेत तर करू देत."

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी अंगणात पाठी येऊन बसू लागल्या. एक ट्रकवाला तर गाडी रस्त्यावर उभी करून आला. सत्यभामाबाई दारातच पाट टाकून बसत.

"माझी सून पोटुशी आहे. पायबीय मिळायचा नाही."

"मावशी, नुसता टेकवू द्या की. लई ठणकतंय."

"पथ्य सांगते, ते घेऊन जा. फळीवर नीज, शेक घे आणि ओझं उचलू नको."

"ट्रक चालवतो मी, ओझं कुठं उचलतोय?"

"मग वाकून बसत असशील. नीट बस."

वनमाला आत हे ऐकत होती. माणसं आल्यापावली परत जात होती आणि तिचं घर तसंच उभं होतं, तरी तिच्या मनातली एक गाठ सुटली नव्हती. सासूबाई तिच्याशी नीट बोलत. तिच्या आईबद्दल मात्र अवाक्षर काढत नव्हत्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आणि माहेरचा विषय निघाला की त्या उठून जात.

एका दुपारी त्या वनमालेच्या कमरेला तेल चोळत होत्या. पोटातलं ओझं वाढलं तशी तिची पाठ दुखायला लागली होती. सासूबाईंची बोटं बारीक आणि जोरकस होती. पलीकडं मामंजी फळीवर उताणे निजून, पुस्तक तोंडासमोर उंच धरून वाचत होते.

"इथं दुखतंय का?"

"थोडं खाली."

बांगड्या वाजत हात खाली सरकला. मग सत्यभामाबाईंनी विचारलं, "तुझ्या वेळी किती अडली होती तुझी आई?"

वनमाला दचकली. "रात्रभर. आणि दुसरा सगळा दिवस. सुईण उठून गेली होती म्हणतात. आजीनं परत बोलावून आणली."

"पाय आधी आले म्हणजे तसंच होणार." त्यांचा हात थांबला. "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मूल राहिलं नाही तिला. मी एकटीच."

सत्यभामाबाईंनी तळहातावर तेल घेऊन ते पुन्हा पाठीवर पसरलं, पण आता इतक्या हलक्या हातानं, की तो चोळणारा हात आहे असं वाटेना.

"एवढं सोसून मिळालेली लेक," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तेव्हा ती दुसरं काय सांगणार होती?"

फळीवर पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज झाला नाही. मामंजी ऐकत होते.

"बाळंतपण इथंच करू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "डॉक्टर जवळ आहे. विहीणबाईंना आधीच बोलावून घेऊ, म्हणजे दोघी असू आम्ही. त्यांना म्हणावं, मी काही विचारणार नाही." मग त्यांनी पाठीवर हलकी चापट मारली. "हं, वळ आता त्या कुशीला. सावकाश. गुडघे आधी."